मूर्ती लहान, चाळणी बारीक

गल्लीच्या पार टोकाला, पाटीही धड दिसत नाही अशा जागी वर्षानुवर्षं चालणारी मिसळ बहुधा झकास असते. त्यावरून कुणी ‘आडजागेमुळे चव येते’ असा निष्कर्ष काढला तर आपण हसू. तशाच जागी निघालेली बेचव मिसळ सहा महिन्यांत बंद पडली, म्हणून ती आपल्या हिशेबातच नाही. बास्केटबॉलमधल्या बुटक्या गार्डबद्दल (चेंडू पुढे नेऊन चाली रचणाऱ्या खेळाडूबद्दल) बोलताना मात्र भलेभले ही चूक करतात. मग्सी बोग्ज 5 फूट 3 इंचांचा होता, तरी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये 14 मोसम खेळला. म्हणजे, म्हणे, उंचीला काही महत्त्वच नाही! पण बोग्ज हा चाळणीतून खाली उतरलेला दाणा. वर अडकून राहिलेल्यांची नावं कुणाला ठाऊक असतात?

संख्याशास्त्रात याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. ज्याला उंची नाही त्याला बाकी सगळं जास्तीचं असेल तरच आत घेतात, त्यामुळे आत आलेल्यांचीच तुलना केली की उंचीचं महत्त्व आहे त्यापेक्षा फार कमी भासतं. कॉलेजातल्या ठेंगण्या गार्डचं भवितव्य जोखताना म्हणून बोग्जचा दाखला कामाचा नाही. उंचीपायी नेमकं काय गमावलं जातं आणि ती तूट हा मुलगा कशातून भरून काढतो, हे पाहावं लागतं.

2011 च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो कार्यक्रम) सॅक्रामेंटो किंग्ज या संघाकडे एकाच रात्री दोन गार्ड आले. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा जिमर फ्रेडेट, 6 फूट 2 इंच, सामन्यामागे 28.9 गुण घेऊन त्या मोसमात कॉलेज बास्केटबॉलमध्ये देशात अव्वल. मिलवॉकीने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडून किंग्जकडे धाडला. दुसरा वॉशिंग्टन विद्यापीठाचा आयझेया थॉमस, 5 फूट 9 इंच. त्याचा क्रमांक साठावा, म्हणजे यादीतला अगदी शेवटचा. फ्रेडेटचं एनबीएत बस्तान काही बसलं नाही. थॉमसने 2016-17 मध्ये बॉस्टनकडून खेळताना सामन्यामागे गुण घेतले 28.9. तोच आकडा, पण एनबीएत!

मग कॉलेजचे आकडे खोटे का? खोटे नाहीत, पण त्यांचा अर्थ लावावा लागतो. एखाद्या मुलाने मोसमात 200 वेळा थ्री-पॉइंटरचा (रेषेबाहेरून तीन गुणांसाठी टाकलेल्या चेंडूचा) प्रयत्न केला आणि त्याचं खरं कौशल्य 38 टक्क्यांचं असलं, तर निव्वळ नशिबाने त्याचा आकडा 31 पासून 45 टक्क्यांपर्यंत कुठेही पडू शकतो. त्यातून त्या काळी कॉलेजची थ्री-पॉइंट रेषा 6.32 मीटरवर होती, एनबीएची मात्र समोरून 7.24 मीटरवर. म्हणून जाणकार फाउलनंतर मिळणाऱ्या फ्री थ्रोकडेही बारकाईने बघतात. तिथे अंतर ठरलेलं असतं आणि अंगावर कुणी येत नाही, त्यामुळे हात किती बसलेला आहे ते कळतं.

रिंगजवळची गोष्ट भूमितीची आहे. रिंगचा व्यास 45.7 सेंटिमीटर, चेंडूचा सुमारे 24. चेंडू 35 अंशांच्या कोनात खाली आला तर त्याच्या वाटेतून रिंग जेमतेम 26 सेंटिमीटर रुंद ‘दिसते’. 55 अंशांत आला तर 37. रिंगपाशी उभ्या उंच सेंटरच्या पंजावरून चेंडू काढायचा म्हणून बुटक्या गार्डला कमान उंच ठेवावीच लागते, आणि कोनाचा हा फायदा त्याला आपसूक मिळतो. फक्त उंच कमानीला जोर जास्त लागतो, तोही धावता धावता अचूक मोजून. धावता धावता उंच कमानीने टाकलेल्या अशा चेंडूला फ्लोटर म्हणतात. तो ज्याच्या हातात कॉलेजातच पक्का बसलाय, त्याच्यावर मी पैसे लावीन. उंची मोजून झाली की हातांचा पसाराही (दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधलं अंतर) मोजावा. सामान्य माणसाचा पसारा उंचीइतकाच असतो. एनबीएत तो सरासरी सहा टक्क्यांनी जास्त भरतो.

बचावातलं नुकसान मात्र सहजासहजी भरून निघत नाही. प्रतिस्पर्धी मुद्दाम स्क्रीन लावून (बचाव करणाऱ्याच्या वाटेत आडवं उभं राहून) बुटक्या गार्डला आपल्या धिप्पाड खेळाडूसमोर आणतात, आणि प्लेऑफमध्ये तर दर दुसऱ्या चालीला. कॉलेजात झोन बचावामागे (जिथे खेळाडू माणसाऐवजी जागा राखतो) ही उणीव बऱ्यापैकी झाकली जाते. म्हणून कॉलेजचे सामने पाहताना माझी नजर त्याच्या गुणांपेक्षा धडकेकडे असते: धक्का बसल्यावर तो किती मागे सरकतो, खांदा खाली ठेवतो का?

व्हिलानोवा विद्यापीठाच्या जेलन ब्रन्सनला जोखायला 2018 मध्ये नेहमीचं मोजमाप कमीच पडलं. खात्यावर दोन राष्ट्रीय विजेतेपदं, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, तरी ड्राफ्टमध्ये तेहतिसावा. फार उंच उडी नाही, विजेसारखा वेगही नाही. होतं ते रुंद अंग, एका पायावर गर्रकन वळणं आणि बचाव करणारा पुढे निघून गेला की जागच्या जागी थांबणं. थांबण्याची चाचणी कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, घेत नाहीत. 2024 मध्ये न्यू यॉर्क निक्सने त्याला कर्णधार केलं.