श्रीलंकेतलं युद्ध ‘हिंदू विरुद्ध बौद्ध’ नव्हतं
सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय: श्रीलंकेतलं यादवी युद्ध ही हिंदू आणि बौद्धांची लढाई होती, तिथल्या मुसलमानांना त्याची झळही लागली नाही. हे साफ खोटं आहे.

१९८३ ते २००९ चाललेलं ते युद्ध श्रीलंका सरकार आणि वेगळं तमिळ ईलम, म्हणजे तमिळांचा स्वतंत्र देश, मागणारी सशस्त्र संघटना लिट्टे यांच्यातलं. तमिळ बहुतेक हिंदू असले तरी त्यांच्यात ख्रिस्तीही पुष्कळ. जुलै १९९५ मध्ये जाफन्याजवळच्या नवालीत चर्चच्या आसऱ्याला आलेल्या तमिळांवर हवाई दलाचे बॉम्ब पडले, शंभराहून अधिक माणसं गेली.

आणि मुसलमान? त्यांची मातृभाषाही तमिळच. तरी ३ ऑगस्ट १९९० च्या रात्री पूर्व श्रीलंकेतल्या काट्टनकुडीच्या मशिदींत नमाज पढणाऱ्यांवर गोळीबार झाला. शंभराहून अधिक जण मारले गेले, त्यांत लहान मुलंही होती. लिट्टेनं जबाबदारी नाकारली, पण वाचलेल्यांनी बोट तिच्याकडेच दाखवलं. ऑक्टोबरमध्ये लिट्टेनं उत्तरेतल्या जवळपास सगळ्याच, म्हणजे सुमारे ७० हजार मुसलमानांना हाकलून दिलं. जाफना शहरात तर घर सोडायला अवघे दोन तास मिळाले. दागिने, रोकड काढून घेतली. पिढ्यान्‌पिढ्यांची दुकानं, घरं तशीच मागं राहिली.

हा मजकूर पुढं ढकलणाऱ्यांनी ते दोन तास एकदा डोळ्यांसमोर आणावेत, ही माझी कळकळीची विनंती. हाकललेल्यांपैकी कित्येक कुटुंबं पश्चिम किनाऱ्यावरच्या पुत्तलमच्या छावण्यांत गेली आणि युद्ध संपल्यावरही अनेकांना परतता आलं नाही.