आयपी फोन आणि फायबरचा लँडलाइन: नंबर राहतो कुठे?

"फायबर घेतलंय, त्यातच लँडलाइन नंबर मिळालाय, तोही इंटरनेटवरूनच चालतो. मग आयपी फोन आणून राउटरला जोडला की झालं ना?" नाही झालं. आयपी फोन म्हणजे लॅन केबलने नेटवर्कला जोडून स्वतःच इंटरनेटवरून बोलणारा फोन. हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता ऐकतानाच दात-ओठ खावेसे वाटतात. त्यात दुकानदार "हो हो, चालेल की" म्हणून हजारांचा फोन गळ्यात मारतो.

साधा फोन सगळ्यांना माहीत आहे. दोन तारा, आरजे-11 ची छोटी पिन. फायबरच्या डब्यामागे, म्हणजे कंपनीने बसवलेल्या मोडेम-राउटरमागे, 'फोन', 'टेल' किंवा 'पॉट्स' लिहिलेलं सॉकेट असतं, त्यात खोचा, टोन येतो. कॉर्डलेसही यातच मोडतो. त्याला स्क्रीन आणि फोनबुक आहे म्हणून तो आयपी फोन होत नाही. 2021 च्या जानेवारीपासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबायचा, एवढं लक्षात ठेवलं की विषय संपला.

खरी गोम पुढे आहे. तुमचा नंबर फोनमध्ये नसतो, भिंतीतल्या वायरीतही नसतो. तो त्या डब्यात असतो. डबा सुरू झाला की तोच कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊन "हा नंबर माझ्याकडे आहे" अशी नोंदणी करतो. या व्यवस्थेला एसआयपी म्हणतात. त्यासाठी लागणारा युजरनेम-पासवर्ड कंपनी लांबूनच डब्यात भरते, तुम्हाला दाखवत नाही. म्हणजे इंटरनेटवरून बोलायचं काम डब्यानेच उरकलेलं असतं. टेल सॉकेटमधून बाहेर येते ती जुन्या एक्स्चेंजची नक्कल: टोन, घंटी, तारेवरचा डीसी करंट.

आयपी फोनला यातलं काहीच नको असतं. तो टोनची वाट बघत नाही, त्याला स्वतःच नोंदणी करायची असते. लॅन केबल लावली की 192.168 ने सुरू होणारा पत्ता त्याला मिळतो, स्क्रीन उजळते, तारीख-वेळ बरोबर दिसते. इथेच लोक फसतात. "चालू तर आहे!" अहो, घड्याळ चालू आहे. लाइनच्या बटणाचा दिवा बंद आहे, कारण आत सर्व्हर, युजर आयडी आणि पासवर्ड या तिन्ही जागा रिकाम्या आहेत. कस्टमर केअरला एसआयपी पासवर्ड मागून बघा, "सर, मोडेम रिस्टार्ट केलात का?" हेच ऐकू येईल. डब्याच्या ॲडमिन पानातून पासवर्ड उकरून काढणारे बहाद्दरही आहेत. पण बऱ्याच जोडण्यांत आवाजाची वाट इंटरनेटपासून वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच तारेतल्या स्वतंत्र आभासी नेटवर्कवर, ठेवलेली असते. तुमच्या वायफायवरून तो सर्व्हर दिसतच नाही, मग पासवर्ड घेऊन करायचं काय?

मग कोणीतरी सांगतं, "ॲडॅप्टर घे." इथे दुसरा घोळ. बाजारात सर्रास मिळणाऱ्या स्वस्त ॲडॅप्टरमध्ये एफएक्सएस पोर्ट असतो. तो टोन देतो, म्हणजे साध्या फोनला इंटरनेटच्या लाइनवर आणतो. तुम्हाला नेमकं उलटं हवंय. तुमच्या डब्याचं टेल सॉकेट स्वतःच एफएक्सएस आहे. त्याच्यासमोर टोन घेणारा एफएक्सओ पोर्ट लागतो. ग्रँडस्ट्रीमच्या एचटी 813 सारख्या गेटवेत, म्हणजे फोनची लाइन आणि इंटरनेट जोडणाऱ्या डबीत, तो असतो. एफएक्सएसला एफएक्सएस जोडलं तर दोघेही टोन देत बसतात, ऐकणारा कोणीच नाही. गेटवे नीट बसवला तर आयपी फोनवर घरचा नंबर वाजतो, हे खरं. पण कॉलर आयडी जुळवणं, समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन न सुटणं, प्रतिध्वनी, ही डोकेदुखी एका नंबरसाठी कशाला? आणि त्याच गेटवेतून परदेशातल्या मुलाला भारतात फोन लावायची सोय करून देऊ नका. परवान्याशिवाय असा टोल बायपास, म्हणजे परदेशी कॉल इंटरनेटवरून आणून लोकल लाइनवर सोडणं, आपल्याकडे बेकायदा आहे.

माझं मत ठाम आहे. घरात एकच नंबर असेल तर चांगला कॉर्डलेस घ्या. मोबाइलवर घ्यायचा असेल तर कंपनीचं ॲप वापरा. जिओचा नंबर जिओजॉइनमध्ये (आधीचं जिओकॉल) ओटीपी टाकून चालू होतो. आयपी फोन शोभतो तो दवाखान्यात, ऑफिसात, जिथे स्वतःचं पीबीएक्स (ऑफिसचं अंतर्गत एक्स्चेंज) आहे किंवा एसआयपी खातं रीतसर विकत घेतलंय.

वीज गेली की दोन्ही फोन मुके. एक्स्चेंजमधून करंट घेणारी तांब्याची लाइन ती वेगळी. डब्यासाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, व्होल्टेज आधी डब्याच्या पॉवर ॲडॅप्टरवर वाचून.

एवढं सांगूनही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन ऑफिसातून निघालेला जुना सिस्को फोन उचलणारच असाल, तर त्यात एसआयपीचं फर्मवेअर आहे का ते आधी विचारा. 7900 मालिकेतले बरेच फोन एससीसीपी ही सिस्कोची स्वतःची भाषा बोलतात आणि सिस्कोच्याच कॉल मॅनेजर या सर्व्हरची वाट बघत बसतात. पॉवर ॲडॅप्टरही वेगळा मागून घ्या; ऑफिसात त्यांना लॅन केबलमधूनच वीज मिळत होती, तुमचा राउटर ती देत नाही.