हळदीचा डाग उलटतो आणि उलटतही नाही

‘भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक बदल उलटवता येत नाही.’ परीक्षेपुरतं हे वाक्य चालून जातं, पण लहान मुलांना विज्ञान शिकवायचं तर ते सोडून दिलेलंच बरं. गिरणीत ज्वारी दळणं हा निव्वळ भौतिक बदल. त्या पिठाची पुन्हा ज्वारी करून दाखवा की! उलट बाजूचं उदाहरण वसमत-हिंगोलीकडच्या पोरांच्या तर अंगणातच वाळत पडलेलं असतं: हळद.

हळद पाण्यात कालवून दोन पांढऱ्या चिंध्यांना लावा, वाळू द्या. एकीवर कपड्यांचा ओला साबण घासा. पिवळा डाग डोळ्यांदेखत तांबडा होतो. त्यावर लिंबू पिळा, परत पिवळा. पुन्हा साबण, पुन्हा तांबडा. बदल रासायनिकच आहे, तरी उलटतो.

का? हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचं नाव कर्क्युमिन. त्याच्या रेणूत दोन टोकांना कार्बनची एकेक षटकोनी कडी आणि मध्ये सात कार्बन अणूंची साखळी असते. साबण आम्लारीधर्मी, तो या रेणूवरचा हायड्रोजन काढून घेतो. हायड्रोजन जाताना आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो, आणि ही जादाची ऋणप्रभारित गर्दी साखळीभर पसरते. त्यामुळे आधी जांभळा-निळा प्रकाश शोषणारा रेणू आता हिरव्याकडचा प्रकाशही शोषू लागतो. उरलेला प्रकाश आपल्याला तांबडा दिसतो. लिंबातलं आम्ल हायड्रोजन परत देतं. या सगळ्या देवघेवीत रेणूचा सांगाडा शाबूत राहतो, म्हणून परतीची वाट उघडी.

‘हळदीचं आपोआप कुंकू झालं, भानामती आहे’ म्हणून घाबरवणाऱ्यांचं भांडवल एवढंच: चुना नाहीतर सोडा. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे. पण त्याआधी उताऱ्यातलंच लिंबू त्या कुंकवावर पिळून बघावं.

आता दुसरी चिंधी. तिचा अर्धा तुकडा कापून वहीत ठेवा, उरलेला ओला करून उन्हात टाका. चैत्र-वैशाखातलं आपल्याकडचं ऊन असेल तर फार थांबावं लागत नाही, डाग विटतो. वहीतला तुकडा शेजारी धरला की फरक कळतो. विटलेल्या डागावर लिंबू पिळा, साबण लावा, गेलेला रंग येत नाही. इथे प्रकाशाने साखळीच तोडलेली असते. तुकड्यांमध्ये व्हॅनिलिन असतं, व्हॅनिला आइस्क्रीमच्या वासाचं तेच. हे तुकडे आपणहून पुन्हा जोडले जात नाहीत.

मुलांपैकी कुणी चौकस असेल तर एक जास्तीची गंमत सांगा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हळद बराच वेळ तशीच ठेवली, तर त्यात विरघळलेलं कर्क्युमिन हळूहळू तुटू लागतं, ऊन नसलं तरी. म्हणजे लिंबू लगेच पिळलं तर बदल उलटतो, आणि उद्या पिळू म्हटलं तर पूर्ण उलटेलच असं नाही.