बायपासनंतर वजन अडतं, मग थोडं परत चढतं, शरीर नक्की करतं काय?

आमच्या वन्संचं बायपास झालं असं सांगितलं की लोक आधी हार्टबद्दल विचारतात, म्हणून सुरुवातीलाच सांगते, हा पोटाचा बायपास, वजन कमी करायचा. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, इंदूरलाच सुदामा नगरात राहतात, आणि मी शाळेत बायोलॉजी शिकवते त्यामुळे ऑपरेशननंतरचा प्रत्येक प्रश्न माझ्याकडे यायचा. पहिला मोठा प्रश्न तिसऱ्या आठवड्यात आला. सकाळी सहाला फोन, आवाज रडवेला, "अगं आठ दिवस झाले काटा हलत नाहीये, पोटात जेमतेम चार घास जातात तरी हलत नाहीये, माझं ऑपरेशन फेल गेलं का?"

फेल नव्हतं गेलं. असं खूप जणांचं होतं आणि त्यामागे साधा पाण्याचा हिशोब आहे. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन साठवलेलं असतं, म्हणजे साखरेचा हाताशी ठेवलेला साठा, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. ऑपरेशनच्या आसपास नुसतं पातळ खाणं, तेही घोटघोट, त्यामुळे हा साठा आधी रिकामा होतो आणि पाण्यासकट दोनेक किलो झटक्यात उतरतात. सगळ्यांना वाटतं चरबीच गेली. मग शरीर सावरतं, थोडं पाणी परत धरतं, आणि नेमकी तेव्हाच आतून चरबी जळत असली तरी काट्यावर दिसत नाही. 1 किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात, म्हणजे रोज 1000 कॅलरीची तूट पडली तरी दिवसाला फक्त 130 ग्रॅम चरबी कमी होणार, आणि पाण्याचं वजन तर एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं, मग ते 130 ग्रॅम दिसणार कसे? मी त्यांना म्हटलं, वन्सं, रोज काट्यावर उभं राहू नका, टेपने कंबर मोजा. कंबर त्या आठ दिवसांतही कमी झाली होती.

पुढे 112 वरून 74 किलो झालं, दीड वर्षात. या ऑपरेशनमध्ये जठराचा वरचा छोटा कप्पा, साधारण 30 मिलीचा, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढा, वेगळा करून तो थेट छोट्या आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. पण नुसतं पोट लहान झालं म्हणून वजन उतरतं हे अर्धंच खरं आहे. अन्न लवकर पुढे पोचतं आणि आतड्यातून जीएलपी-1, पीवायवाय असे हार्मोन जेवल्यावर खूप जास्त सुटतात, ते मेंदूला सांगतात की पुरे, पोट भरलं. म्हणून पहिलं वर्ष भूकच वाटत नाही.

आणि मग ती परत येते. वन्संचं वजन अडीच वर्षांनी 83 झालं होतं. चेकअपला गेल्या तेव्हा तिथे कोणीतरी सुनावलं, एवढा खर्च करूनही जिभेचे चोचले सुटत नाहीत का? त्या दिवसानंतर त्यांनी तिथे जाणंच बंद केलं. मला याचा अजूनही राग येतो, कारण जे घडत होतं त्यात चोचल्यांचा वाटा थोडा होता आणि शरीराचा बराच.

चरबी कमी झाली की लेप्टिन नावाचा हार्मोन उतरतो, आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ आलाय असा लावतो. मग भूक वाढवतो आणि खर्च कमी करतो. हलकं शरीर चालायला तसंही कमी कॅलरी खातं, पण त्याहून जास्त काटकसर होते. अमेरिकेतल्या एका टीव्हीवरच्या वजन घटवायच्या स्पर्धेतल्या 14 जणांचा अभ्यास 2016 साली छापला गेला, ऑपरेशन नाही, नुसतं डाएट आणि व्यायाम, तर स्पर्धेनंतर 6 वर्षांनीही त्यांचं शरीर आरामात असताना अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. ऑपरेशनमुळे ही लढाई सोपी होते पण संपत नाही. स्वीडनमध्ये 1987 पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात दोन हजारांवर ऑपरेशन झालेले लोक होते, त्यात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एकदोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं आणि 10 वर्षांनी ही घट 25 टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं परत चढणं हीच सरासरी आहे. वन्संनी कमावलेल्या 38 किलोंपैकी 9 परत आले, पण 29 अजून गेलेलेच आहेत, मूळ वजनाच्या 26 टक्के.

आता खाण्याचं बोलते. बायपासनंतर गोड खाल्लं की कित्येकांना डम्पिंग होतं, साखर एकदम आतड्यात उतरते, घाम सुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते. वन्संनी एकदा जिलेबी खाल्ली आणि मग सराफ्यात, म्हणजे आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाणंच सोडलं. पण सेवेने असं काही होत नाही! आणि इंदूरला सेव कुठे नसते, पोह्यावर सेव, उसळीवर सेव, संध्याकाळी चहाबरोबर सेव. पनीर किंवा उसळ कप्प्यात थांबते, दोनचार घासांत पोट भरल्यासारखं होतं, सेव मात्र चावली की पीठ होते आणि चहाच्या घोटाबरोबर सरकून जाते, पोट भरल्याचा निरोप मेंदूला जातच नाही. 100 ग्रॅम सेवेत 550 च्या वर कॅलरी असतात आणि तेवढी सेव दिवसभरात मूठमूठ करून कधी संपते कळतही नाही. म्हणून जेवताना आणि नंतर अर्धा तास काही प्यायचं नाही, आधी प्रोटीन खायचं (दिवसाला निदान 60 ग्रॅम, शाकाहारी घरात हे अवघड आहे, मुद्दाम जमवावं लागतं), आणि स्नायू टिकवायला थोडे वजनाचे व्यायाम करायचे.

खाण्याशिवायही कारणं असतात. थायरॉइड, मेनोपॉज, स्टेरॉइडसारखी औषधं, झोप न होणं, डिप्रेशन, कधी कप्प्याचं तोंड सैल झालेलं असतं ते एंडोस्कोपीत दिसतं. आता सेमाग्लुटाइडसारखी औषधंही आहेत, ती याच जीएलपी-1 च्या वाटेने काम करतात, गरज आहे का ते डॉक्टर ठरवतात. पण त्यासाठी डॉक्टरांसमोर जाऊन बसावं तर लागतं ना.

वन्संना मी दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, खूप समजावून. वर्षभर त्या म्हणत होत्या की वय झालं, जिना चढताना दम लागतो, हातापायाला मुंग्या येतात. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9, बी-12 एकदम खाली. आयर्न मुख्यतः आतड्याच्या पहिल्या भागात शोषलं जातं, तोच भाग बायपास झालेला, आणि बी-12 शोषायला जठरातलं ॲसिड आणि एक खास प्रोटीन लागतं, तेही अन्नाला नीट भेटत नाही, म्हणून या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. त्या गोळ्या चेकअपबरोबरच बंद झाल्या होत्या. डॉक्टरांनी वजनाबद्दल नंतर विचारलं, आधी इंजेक्शन लिहून दिलं.