स्प्रे टॅनिंग आणि सनबेडचा एकत्रित वापर

त्वचेवर रंग चढवणारे द्रावण फवारून घ्यायचे आणि त्याच सुमारास कृत्रिम अतिनील दिव्यांखाली झोपून त्वचा रापवूनही घ्यायची, अशी ही जोडपद्धत. टॅनिंग सलूनमध्ये दोन्ही सेवा बहुधा एकाच ठिकाणी मिळतात. सनबेडने ‘पाया’ तयार होतो आणि फवाऱ्याने रंग भरतो, असे गिऱ्हाइकाला सांगितले जाते. यामागे धंद्याचा हिशेब आहे, वैद्यकीय आधार नाही. दोन्ही प्रकारांनी येणारा तपकिरी रंग वरवर सारखा दिसला तरी त्यांची उत्पत्ती आणि त्वचेतील जागा वेगवेगळी असते. या पद्धतीचे बरेच धोके हा फरक लक्षात न घेतल्यामुळे उद्भवतात.

फवाऱ्यातील क्रियाशील घटक म्हणजे डायहायड्रॉक्सीॲसिटोन (डीएचए) ही तीन कार्बन अणूंची साधी शर्करा. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातील अमिनो आम्लांशी तिचा संयोग होऊन मेलॅनॉइडिन ही तपकिरी द्रव्ये तयार होतात. पाव भाजताना त्याचा पापुद्रा ज्या मायार अभिक्रियेने तांबूस होतो, तीच ही अभिक्रिया. फवारणीनंतर दोन ते चार तासांत रंग दिसू लागतो, आठ ते चोवीस तासांत पुरता चढतो आणि मृत पेशी झडतील तसा साधारण आठवड्याभरात उतरतो. कोपरे, गुडघे, घोटे येथे हा थर जाड असल्याने तिथे रंग गडद बसतो. सलूनच्या द्रावणात लगेच दिसणारा एक धुपणारा रंगही मिसळलेला असतो. पहिल्या अंघोळीचे पाणी तपकिरी येते ते त्यामुळे.

डीएचएचा हा गुण योगायोगानेच उमगला. १९५० च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात इव्हा विटगेनस्टाइन या ग्लायकोजेन साठवणीचा विकार असलेल्या मुलांना डीएचए तोंडावाटे देऊन पाहत होत्या. औषध सांडले तिथे मुलांच्या त्वचेवर तपकिरी डाग पडत, कपड्यांवर मात्र पडत नसत. १९६० मध्ये कॉपरटोन कंपनीने या रसायनावर आधारित लोशन बाजारात आणले. सुरुवातीच्या उत्पादनांनी येणारा नारिंगी, पट्टेरी रंग पुढे बरीच वर्षे चेष्टेचा विषय होता.

सनबेडची गोष्ट वेगळी. १९७० च्या दशकात जर्मनीत फ्रिडरिश वोल्फ यांनी ते व्यापारी स्वरूपात रुजवले. त्यातील नळ्यांमधून मुख्यतः यूव्हीए आणि थोड्या प्रमाणात यूव्हीबी हे अतिनील किरणांचे दोन प्रकार बाहेर पडतात. यूव्हीए त्वचेत खोलवर जातात, कोलॅजन आणि इलॅस्टिन या तंतूंची हानी करतात आणि अकाली सुरकुत्या आणतात. यूव्हीबी पेशींतील डीएनएवर थेट आघात करतात. यूव्हीएमुळे त्वचा चटकन काळवंडते, पण त्यात आधीपासून असलेल्या मेलॅनिनचे (त्वचेच्या नैसर्गिक रंगद्रव्याचे) ऑक्सिडीकरण हाच मोठा भाग असतो. नवे रंगद्रव्य फारसे तयार होत नाही. त्यामुळे सनबेडवर कमावलेल्या रापलेपणाचे संरक्षणमूल्य नगण्य असते आणि ‘पाया’ हा शब्द फसवा ठरतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये अतिनील टॅनिंग उपकरणांना गट १ मध्ये, म्हणजे मानवात कर्करोग घडवणाऱ्या कारकांत, टाकले. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. वयाच्या ३५ वर्षांपूर्वी सनबेड वापरायला सुरुवात केलेल्यांत मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी अधिक आढळतो, असे याच संस्थेच्या आधीच्या अभ्यास-आढाव्यात नोंदवले होते. डोळ्यांचे संरक्षण न केल्यास स्वच्छमंडलाचा दाह होतो आणि पुढे मोतीबिंदूचा धोकाही वाढतो.

दोन्ही एकत्र आल्यावर

त्वचा भाजली आहे हे माणसाला कळते ते लालीवरून. अतिनील मात्रा जास्त झाली की काही तासांनी त्वचा लाल होऊ लागते आणि बारा ते चोवीस तासांत ही लाली शिगेला पोचते. फवाऱ्याचा तपकिरी रंग पुरता चढण्याची वेळही नेमकी हीच. सकाळी सनबेड आणि दुपारी फवारणी करून घेतलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी आरशात एकसारखी तांबूस कांती दिसते. तिच्याखाली सौम्य भाजल्याची लाली असेल तर ती झाकली जाते. आग किंवा ठणका नसेल तर मात्रा मानवली असा समज होतो आणि पुढच्या खेपेला मिनिटे वाढवली जातात.

दुसरी चूक काउंटरवर होऊ शकते. सनबेडची वेळ गिऱ्हाइकाच्या त्वचाप्रकारावरून ठरते. गोऱ्यापान, सहज भाजणाऱ्या त्वचेला कमी मिनिटे आणि सावळ्या, क्वचितच भाजणाऱ्या त्वचेला जास्त, असे त्याचे सूत्र असते. अंगावर आधीच्या फवाऱ्याचा रंग असेल तर नुसत्या नजरेने केलेला हा अंदाज चुकण्याची पुरेपूर शक्यता असते. डीएचएच्या थरातून मिळणारे संरक्षण एसपीएफ (सनस्क्रीनची ताकद मोजणारा आकडा) ३ ते ४ च्या आसपासच असते. मेलॅनिन पेशीकेंद्रकावर छत्र धरते, तसे काम मेलॅनॉइडिन करत नाहीत, कारण ती मुळात मृत पेशींत असतात.

तिसरा मुद्दा रासायनिक आहे आणि त्यावर अजून वाद आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात त्वचेच्या नमुन्यांना २० टक्के डीएचए लावून त्यांवर अतिनील किरण सोडले, तेव्हा साध्या त्वचेच्या तुलनेत मुक्त मूलकांची निर्मिती १८० टक्क्यांहून अधिक वाढलेली दिसली. मुक्त मूलके म्हणजे अतिक्रियाशील रेणू; ती डीएनए आणि कोलॅजन दोन्हींना अपाय करतात. बाजारातील द्रावणांत डीएचए बहुधा याहून कमी असते आणि प्रयोग जिवंत माणसावर झालेला नव्हता, हे ध्यानात घ्यायला हवे. उलट बाजूचाही पुरावा आहे: केसविरहित उंदरांवरील प्रयोगात डीएचए लावलेल्या उंदरांना अतिनील किरणांमुळे होणाऱ्या गाठी उशिराने आल्या. प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचापेशींवर मात्र डीएचएमुळे डीएनएची हानी झाल्याचे दिसले आहे. एवढ्यावरून ‘फवाऱ्याने कर्करोग होतो’ असे म्हणता येत नाही, आणि फवारा सनबेडचा धोका भरून काढतो असेही म्हणता येत नाही. ताज्या फवाऱ्यानंतर पहिला दिवसभर तीव्र अतिनील किरण टाळावेत, हा सल्ला या अनिश्चिततेतही शहाणपणाचा आहे.

सलूनवालेही सनबेड आधी आणि फवारा नंतर असा क्रम सांगतात, पण त्याचे कारण निराळे असते. दिव्यांच्या उष्णतेने घाम येतो आणि ताजा रंग ओघळून पट्टे पडतात. म्हणजे ही काळजी रंगाची असते. सनबेडसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक लोशनांत ‘ब्राँझर’ या नावाखाली डीएचएच घातलेले असते, त्यामुळे फवारणी न करवून घेणारेही नकळत ही जोडपद्धत वापरत असतात. मुरुमांसाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन यासारखी काही औषधे त्वचेला प्रकाशसंवेदनशील करतात. ती चालू असताना सनबेडची नेहमीची वेळही भाजायला पुरेशी ठरू शकते.

फवाऱ्याचे स्वतःचे धोके त्या मानाने किरकोळ आहेत. तुषार नाकातोंडावाटे आत जाणे, डोळ्यांची जळजळ आणि क्वचित संपर्कजन्य त्वचादाह एवढेच ते मुख्यतः. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डीएचएला फक्त शरीराच्या बाहेरून लावण्यासाठी मान्यता दिली आहे. संपूर्ण अंगावर तुषार फवारणाऱ्या बूथसाठी ती मान्यता नाही, कारण त्यात डोळे, ओठ आणि श्लेष्मल त्वचा यांचा संपर्क टळत नाही. म्हणून नाकात गाळणी, ओठांवर मलम आणि डोळ्यांवर गॉगल वापरण्यास सुचवले जाते. हे सगळे साहित्य मागितल्याशिवाय मिळेलच असे नाही.

तिळांच्या तपासणीतही अडचण येते. मेलॅनोमा ओळखताना डॉक्टर तिळाचा रंग, कडा आणि त्यांतील असमानता पाहतात. डीएचएचा रंग तिळावर आणि भोवतालच्या त्वचेवर वेगवेगळा बसल्यास चित्र बिघडते. तपासणीला जाण्यापूर्वी रंग पूर्ण उतरू देणे बरे. सनबेड वापरणाऱ्यांना अशा तपासणीची गरज इतरांपेक्षा अधिक असते, आणि नेमक्या त्यांच्याच अंगावर बऱ्याचदा हा रंग असतो.

डीएचए आणि अतिनील किरण यांची सांगड वैद्यकाने जाणीवपूर्वक घातल्याचे एक उदाहरण आहे. सोरायसिस या त्वचारोगाच्या प्यूव्हा उपचारात (यात सोरालेन हे औषध देऊन मग यूव्हीए किरण सोडतात) निरोगी त्वचा झाकण्यासाठी आधी डीएचए लावून पाहिले गेले. चट्ट्यांवरील पापुद्रे लवकर झडत असल्याने तिथे रंग टिकत नाही, भोवतीच्या त्वचेवर मात्र टिकतो. त्यामुळे किरणांची मात्रा रोगट भागापुरती वाढवता येते. हे मोजलेली मात्रा, ठरावीक तरंगलांबी आणि डॉक्टरांची देखरेख यांखाली झालेले काम आहे. सलूनमधल्या सनबेडला त्याचा आधार देता येत नाही.

कायदे

ब्राझीलने २००९ मध्ये सौंदर्यासाठीच्या सनबेडवर सरसकट बंदी घातली. ऑस्ट्रेलियातील राज्यांनी २०१५–१६ पर्यंत व्यापारी सनबेड बंद केले. फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ वर्षांखालील व्यक्तींना ते वापरू देता येत नाही. अमेरिकेत २०१४ पासून या उपकरणांवर, १८ वर्षांखालील व्यक्तींनी ती वापरू नयेत, असा ठळक इशारा असणे बंधनकारक आहे. फवाऱ्याबाबत युरोपीय संघाने त्वचेवर रंग आणणाऱ्या उत्पादनांत डीएचएची मर्यादा १० टक्के ठेवली आहे. सनस्क्रीन नसलेल्या टॅनिंग उत्पादनांवर ‘यात सनस्क्रीन नाही आणि ते त्वचा भाजण्यापासून संरक्षण देत नाही’ अशा आशयाचा मजकूर अमेरिकेत छापावा लागतो. सनबेडकडे प्रारण सोडणारे उपकरण म्हणून पाहिले जाते आणि फवाऱ्याकडे सौंदर्यप्रसाधन म्हणून. त्यामुळे हे नियम एकेका सेवेपुरते लिहिलेले असतात, आणि दोन्ही एकाच दिवशी घेणाऱ्याला काय सांगावे हे बहुतेक वेळा सलूनच्या कर्मचाऱ्यावर सोडलेले असते.