गेज बसवलात, आता काटा कसा वाचायचा?
बीटल आणि हवेवर थंड होणाऱ्या इतर जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी

ऑइल टेंपरेचरचा गेज बसवून गाडी घरी नेली की दोन-तीन दिवसांत बहुतेकांचा फोन येतो. "काटा शंभरावर गेलाय, गाडी बाजूला घेऊ का?" घेऊ नका. पाणी शंभराला उकळतं म्हणून त्या आकड्याची आपल्याला धास्ती वाटते. ऑइलच्या हिशेबात शंभर म्हणजे रोजचंच काम.

बीटलला रेडिएटर नाही. सिलिंडरची बरीचशी उष्णता पंख्याची हवा नेते आणि उरलेली ऑइलच्या माथी येते. ते ऑइलही जेमतेम अडीच लिटर. कंपनीकडून येताना डॅशवर टेंपरेचरचा काटा नव्हताच, फक्त प्रेशरचा दिवा. गरम इंजिनात तो दिवा लुकलुकायला लागेपर्यंत ऑइल पार पातळ झालेलं असतं.

आम्ही सेंडर, म्हणजे ऑइलचं तापमान मोजून गेजला कळवणारा भाग, ऑइल चेंबरच्या तळाला बसवतो. तिथलं ऑइल बेअरिंगवरून तापून आलेलं, ऑइल थंड करणाऱ्या कूलरमध्ये अजून न गेलेलं असतं, त्यामुळे आकडा चढाच दिसतो. मित्राच्या गाडीत सेंडर दुसरीकडे असेल तर त्याच्या आकड्याशी ताडून बघू नका.

फोंडा-पणजी रस्त्यावर ८० ते १०५ अंशांत काटा राहिला तर उत्तम. चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना ११०-११५ झाले तरी चालेल. १२० ओलांडले की खालचा गिअर घ्या आणि पाय हलका ठेवा. खालच्या गिअरात पंखा जोरात फिरतो; चौथ्यात रडवत चढवलीत तर हवा कमी आणि भार जास्त. १३० दिसले तर सावलीत थांबा, दोन मिनिटं आयडलवर ठेवा, मग बंद करा. मात्र चालत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला तर आयडल वगैरे काही नाही, तिथल्या तिथे इंजिन बंद. डायनॅमो आणि पंखा एकाच बेल्टवर आहेत; बेल्ट तुटला असेल तर चार्जिंगबरोबर पंखाही थांबलेला असतो. ऑइल प्रेशरच्या दिव्यालाही हाच नियम.

महिनाभर आकडे वहीत टिपा: रस्ता, वेळ, काटा. त्याच रस्त्यावर एके दिवशी पंधरा अंश जास्त दिसले तर गाडी आणा. मागे एक बीटल आली, चोर्ल्यात १२५ दाखवणारी. मालकाला बाहेरून जादा कूलर हवा होता. मागचं इंजिनाचं झाकण उघडलं तर इंजिनाभोवतीचं रबर गायब आणि मागचं एक टिन (हवा अडवणारा पत्रा) नाही. रंगकाम करताना काढलेलं, परत लावायचं राहिलेलं. खालची तापलेली हवा पंखा पुन्हा आत ओढत होता. टिन-रबर लावून टायमिंग जुळवलं, त्याच घाटात काटा ११० च्या आसपास थांबला. म्हणून जादा कूलर आम्ही शेवटी सुचवतो. १९७१ च्या आधीच्या मॉडेलमध्ये मूळचा कूलर तीन नंबर सिलिंडरची हवा अडवतो, त्या गाड्यांचं थोडं वेगळं बोलावं लागेल.

काटा अचानक टोकाला गेला तर घाबरण्याआधी सेंडरची वायर काढून बघा. तरीही काटा वरच असेल तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे, ऑइलचा दोष नाही. आपल्या खाऱ्या हवेत टर्मिनलला गंज चढतो, आणि तो जास्त वाईट, कारण तेव्हा काटा खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. दर सर्व्हिसला टर्मिनल घासून घेतो ते यासाठीच.

पावसाळ्यात तक्रार उलटी असते. बाजारापर्यंत जाऊन परत, काटा साठच्या वर जातच नाही. मग आत जमलेली वाफ उडून जात नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा फेस धरतो. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी नीट पळवा. फेस तरीही राहिला तर ऑइल बदलायला पाच हजार किलोमीटर पुरे होण्याची वाट बघू नका.