ड्युशेन स्नायुविकार : एक्झॉन वगळणाऱ्या औषधांच्या पहिल्या मानवी चाचण्या

ड्युशेन स्नायुविकार हा डिस्ट्रोफिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे मुख्यतः मुलग्यांना होणारा आनुवंशिक रोग आहे. या जनुकाचे ७९ एक्झॉन (प्रथिन घडवण्याचा संकेत असलेले तुकडे) असून त्यांपैकी काही गळाले, की तीन-तीन अक्षरांनी वाचल्या जाणाऱ्या संकेताची चौकट बिघडते आणि प्रथिन जवळजवळ तयारच होत नाही. शेजारचा आणखी एक एक्झॉन मुद्दाम वगळायला लावून चौकट पुन्हा जुळवावी व आखूड, पण काम देणारे डिस्ट्रोफिन मिळवावे, ही या औषधांमागील कल्पना होय. सुमारे १३ टक्के रुग्णांना लागू पडणारा ५१ वा एक्झॉन त्यासाठी प्रथम निवडला गेला.

नव्या औषधाची पहिली चाचणी सहसा निरोगी प्रौढांवर होते. येथे ती वाट बंद होती. या एक्झॉनमधील २३३ अक्षरांना तीनने पूर्ण भाग जात नसल्यामुळे निरोगी माणसात तो वगळल्यास धड असलेली चौकटच मोडते. साहजिकच पहिली सुई आजारी मुलांनाच टोचावी लागली, तीही त्यांना स्वतःला लाभ होण्याची आशा जवळजवळ नसताना. म्हणून आरंभी औषध एकाच स्नायूत आणि अल्प मात्रेत दिले गेले.

नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी चार मुलांच्या नडगीपुढील स्नायूत प्रत्येकी ०.८ मिलिग्रॅम औषध (पुढे ‘ड्रिसापर्सेन’ म्हणून ओळखले गेलेले) टोचले आणि २८ दिवसांनी तेथील तुकडा काढून तपासला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६४ ते ९७ टक्के स्नायुतंतूंत डिस्ट्रोफिन दिसले; हाच आकडा पुढे सर्वत्र गाजला. एकूण प्रथिनाची मोजणी मात्र निरोगी नमुन्याच्या ३ ते १२ टक्केच भरली होती, याकडे तितकेसे लक्ष गेले नाही. ब्रिटनमध्ये फ्रान्सेस्को मुंतोनी यांच्या गटाने तोच एक्झॉन वगळणाऱ्या ‘एटेप्लिर्सेन’ या दुसऱ्या औषधासाठी सात मुलांच्या पावलावरील, बोटे उचलणारा छोटा स्नायू निवडला : चालण्यासाठी त्याची फारशी गरज नसते आणि या रोगात तो बराच काळ टिकतो. एका पावलात औषध व दुसऱ्यात मिठाचे पाणी दिल्यामुळे तुलना त्याच मुलाच्या शरीरात करता आली.

त्यानंतर औषध सर्व शरीरात पोहोचवण्याच्या चाचण्या झाल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्रिसापर्सेनच्या अशा चाचणीत १२ मुलांना ते त्वचेखाली दिले गेले आणि सहा मिनिटांत चालून होणारे अंतर सरासरी ३५ मीटरने वाढलेले आढळले. त्यात तुलनेसाठी निष्क्रिय औषध घेणारा गट नव्हता, आणि असे अंतर मुलाच्या उमेदीवर व वाढत्या वयावरही अवलंबून असते. पुढे १८६ मुलांच्या तुलनात्मक चाचणीत फरक सिद्ध झाला नाही (२०१३), आणि जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने परवानगी नाकारली.

एटेप्लिर्सेनला त्याच संस्थेने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘त्वरित मंजुरी’ (प्रत्यक्ष लाभ सिद्ध होण्याआधी दिली जाणारी सशर्त परवानगी) दिली. सुमारे साडेतीन वर्षांच्या उपचारानंतरही हे औषध घेणाऱ्या चाचणीतील मुलांमधील डिस्ट्रोफिन सरासरी निरोगी पातळीच्या एक टक्क्याहून कमी होते. संस्थेतील परीक्षकांनी मंजुरीला विरोध केला होता. वरिष्ठांनी तो बाजूला सारला आणि औषधाचा प्रत्यक्ष लाभ पडताळणारी आणखी एक चाचणी करण्याची अट कंपनीवर घातली.